टॉवर मुका झाला तरी पेढी मुकी होऊ नये

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानची एक लाइन दुरुस्तीसाठी बंद होती, तिचा भार दुसरीवर होता आणि ती दुसरीही बसली. पडघा हे आमच्या भिवंडी तालुक्यातलेच गाव. तेथे तार तुटावी आणि काळबादेवीच्या पेढीत अंधार व्हावा, इतके हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे.

काही भागांत दोन-तीन तासांत वीज आली, काही ठिकाणी रात्र झाली. त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. वीज नाही याची चिंता पहिला अर्धा तास होती. त्यानंतर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, "फोन लागत नाही." गाडी निघाली की नाही ते कळेना, दलालाने भाव पक्का केला की नाही ते कळेना, कारागिरांना थांबवावे की घरी पाठवावे तेही कळेना. माल होता, पैसा होता, माणसे होती. फक्त निरोप नव्हता, आणि तेवढ्यासाठी धंदा बसून राहिला.

या लेखात आम्ही दोनच गोष्टी सांगणार आहोत. फोन का आणि कसा मुका होतो, आणि तो मुका झाला असताना लहान व्यापाऱ्याने व कारागिराने आपला निरोप कसा चालू ठेवावा. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. थोडी तदबीर लागते, आणि ती वेळ येण्याच्या आधी करावी लागते.

पूर्वी काय होते?

आमच्या वडिलांच्या काळी पेढीवर एक काळा फोन असे आणि ट्रंक कॉल लागायला कधी कधी संध्याकाळ होत असे. म्हणून कोणीही एकट्या फोनवर विसंबून राहत नसे. तातडीचे असेल तर तार, सविस्तर असेल तर पत्र, मौल्यवान असेल तर आंगडिया, आणि फारच नाजूक मामला असेल तर घरातला माणूस रात्रीच्या गाडीने रवाना. या वाटा संथ होत्या, पण चार होत्या. एक बंद पडली तर दुसरी चालू असे.

आज एक वाट आहे आणि ती फार वेगवान आहे. फोनवरच भाव, फोनवरच नमुन्याचा फोटो, फोनवरच पैसे, फोनवरच बिल, फोनवरच गाडीचा पत्ता. तारखाते तर जुलै २०१३ मध्ये कायमचे बंद झाले. वेग वाढला याचा आम्हाला आनंदच आहे, जुने दिवस परत यावेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण चार दरवाजांच्या घराला एकच दरवाजा ठेवला तर त्या एका दरवाजाची काळजी चौपट घ्यावी लागते, हे विसरून चालणार नाही.

फोन मुका होण्याची पाच कारणे

पहिले कारण वीज. आपल्या हातातला मोबाइल जवळच्या टॉवरशी बोलतो. त्या टॉवरला वीज लागते. वीज गेली की टॉवरखालच्या बॅटऱ्या काम सुरू करतात, पण त्या काही तासांच्याच असतात. नंतर डिझेलचे जनित्र, तेही असेल तर, आणि त्यात डिझेल पोचले तर. म्हणून वीज गेल्यावर पहिल्या तासात फोन चांगला चालतो आणि माणूस निर्धास्त होतो. खरी अडचण चौथ्या-पाचव्या तासाला सुरू होते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज भर दुपारी एकदम गेली, तेव्हा हेच झाले. सुरुवातीला फोन चालले, मग बॅटऱ्या संपत गेल्या तसतसे टॉवर बंद पडत गेले. इतक्या पुढारलेल्या देशांत लोक सेलवर चालणारे रेडिओ घ्यायला दुकानांत गेले, आणि कार्डाची यंत्रे बंद पडल्याने ज्याच्या खिशात रोकड होती त्याचाच व्यवहार झाला.

घरातल्या आणि दुकानातल्या फोनचेही ऐका. जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला वीज एक्सचेंजमधून, त्याच तारेतून येत असे. म्हणून घरात अंधार असला तरी तो फोन वाजत असे. आता बहुतेक ठिकाणी काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची लाइन आली आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे दुकानातला डबा बंद पडला की इंटरनेटही बंद आणि त्याला जोडलेला फोनही बंद.

दुसरे कारण तार तुटणे. टॉवर हवेतून फक्त आपल्यापर्यंत बोलतो. टॉवरपासून पुढे निरोप बहुतेक करून जमिनीखालच्या फायबरने जातो. रस्ता खोदताना ती तुटते, पुरात वाहून जाते, पूल खचला की त्याबरोबर जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि पुष्कळ गावांत कित्येक दिवस वीजही नव्हती आणि फोनही नव्हता. आमच्या कोकणी बिरादरीचे अर्धे घर आखातात असते. तिकडे कमावता मुलगा रात्रंदिवस फोन लावत होता आणि इकडे आई-वडील सुखरूप असूनही त्याला ते कळत नव्हते. धंद्याचे नुकसान मोजता येते, या घालमेलीचे मोजमाप नाही.

तिसरे कारण गर्दी. टॉवर धडधाकट असतो, तरीही फोन लागत नाही. एका टॉवरवर एका वेळी ठरावीकच संभाषणे होऊ शकतात. संकटात सगळा मोहल्ला एकाच क्षणी फोन उचलतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना हे समजावून सांगायला नको. अशा वेळी माणूस काय करतो? पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबतो आणि गर्दीत आणखी भर घालतो.

येथे एक उपयोगी फरक ध्यानात ठेवा. बोलण्यासाठी दोन्ही टोके एकाच वेळी मोकळी असावी लागतात आणि बोलणे संपेपर्यंत वाट अडवून ठेवावी लागते. साधा एसएमएस मात्र चिठ्ठीसारखा आहे. तो अगदी लहान असतो, जरा फट मिळाली की निघतो, समोरच्याचा फोन बंद असेल तर कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाला की पोचतो. म्हणून जेथे बोलणे होत नाही तेथे पुष्कळदा एसएमएस जातो. त्याला इंटरनेटही लागत नाही.

चौथे कारण दूरचे यंत्र बिघडणे. आपल्याकडे वीज आहे, टॉवर आहे, गर्दी नाही, तरी निरोप जात नाही, कारण ज्या कंपनीच्या मार्फत निरोप जातो तिचेच यंत्र हजारो मैलांवर बंद पडले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या घड्याळाने रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद होते. कंपनीने दुसऱ्या दिवशी कारण सांगितले. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे तिची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि मग इंटरनेटवर तिचा पत्ताच नाहीसा झाला. गंमत म्हणा की इबरत म्हणा, दुरुस्ती करणाऱ्यांची साधनेही त्याच जाळ्यावर चालत होती. ती बंद पडल्याने माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखा प्रकार झाला.

पाचवे कारण सरकारी हुकूम. दंगल किंवा तणावाच्या काळात इंटरनेट बंद ठेवण्याचा आदेश निघतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीला आणि जून २०२३ मध्ये कोल्हापूरला असे झाले. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ नंतर तर महिनोन् महिने इंटरनेट नव्हते आणि पूर्ण वेगाची मोबाइल सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली. तेथल्या शाल आणि गालिच्यांच्या कारागिरांचे गिऱ्हाईक दूरदेशी असते, त्यांच्यावर काय गुजरली असेल याचा विचार आपण कारागिरांनीच करावा. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात निकाल दिला की इंटरनेटवरून धंदा करण्याच्या स्वातंत्र्यालाही घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे, बंदी बेमुदत असू शकत नाही आणि बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. आपल्या व्यापारी संघटनांनी हा निकाल माहीत करून घ्यावा आणि गरज पडल्यास कायदेशीर मार्गाने आदेशाची प्रत मागावी. अशा काळात साधा फोन आणि एसएमएस पुष्कळदा चालू असतो हेही लक्षात ठेवावे.

आमची चूक

वर सांगितलेली ४ ऑक्टोबरची रात्र आमच्या चांगलीच लक्षात आहे. दिवाळी महिन्यावर आली होती. आमचे चाळीस ताके रंगाईला गेले होते. गिऱ्हाइकाने ऐनवेळी रंग बदलला. आम्ही रात्री साडेनऊला रंगखात्याच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर नवा रंग कळवला. फोनवर एकच खूण उमटली, दुसरी उमटली नाही. आम्ही मनात म्हटले, सकाळपर्यंत जाईल, आणि झोपलो. तो निरोप पहाटे पोचला. तोवर रात्रपाळीने जुन्या रंगात माल काढून ठेवला होता.

ध्यानात घ्या, त्या रात्री साधा फोन चालू होता. एक रुपयाच्या कॉलने काम झाले असते. टॉवर मुका नव्हता, आमची अक्कल मुकी झाली होती. रंगखात्याने सांगितले, "आमच्याकडे लेखी जो रंग होता तोच आम्ही केला," आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. नुकसान आम्ही सोसले. पण खरा फटका शिवणाऱ्या कारागिरांना बसला. नवा माल रंगून येईपर्यंत सहा मशिनी चार दिवस बंद होत्या. चूक आमची होती म्हणून त्यांची चार दिवसांची मजुरी आम्ही दिली, पण सणाच्या तोंडावर पुढचे काम जे दुसरीकडे गेले ते गेलेच. पाठवला म्हणजे पोचला असे नव्हे, हा धडा आम्ही त्या दिवशी पैसे मोजून शिकलो.

दोन सिम म्हणजे दोन वाटा नव्हेत

पुष्कळ बांधव म्हणतात, आमच्याकडे दोन कंपन्यांचे दोन सिम आहेत, आम्हाला काय चिंता? दोन सिम ठेवणे चांगलेच. पण आज एकाच टॉवरच्या खांबावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे असतात. खांब एक, वीज एक, जनित्र एक. जमिनीखालच्या फायबरही कधी कधी एकाच चरातून जातात. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे माल विभागून दिला आणि दोघांनी तो एकाच ट्रकमध्ये भरला, तर ट्रक उलटल्यावर दोघांचाही माल गेला. तसेच हे आहे.

म्हणून वाट मोजताना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा. पहिली वाट ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरीही पडेल का? उत्तर "होय" असेल तर ती दुसरी वाट नव्हे. व्हॉट्सअॅप आणि साधा कॉल या कारण चार आणि पाचसाठी दोन वाटा आहेत, पण कारण एकसाठी एकच आहेत. मोबाइल आणि सायकलवर निघालेला मुलगा या पाचही कारणांसाठी दोन वाटा आहेत.

आपल्या इतिहासातील धडा

ही हिकमत नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने मुहम्मद बिन तुघलकच्या डाकेचे वर्णन लिहून ठेवले. एक डाक घोड्यांची होती आणि दुसरी पायी धावणाऱ्यांची. दोन्ही शेजारी शेजारी चालत. पायी डाकेची ठाणी मैलाच्या एक तृतीयांश अंतरावर होती. धावणाऱ्याच्या काठीला तांब्याची घुंगरे असत. त्यांचा आवाज ऐकताच पुढच्या ठाण्यावरचा माणूस तयार होऊन उभा राही. सिंधहून दिल्लीचा प्रवास पन्नास दिवसांचा, पण डाक पाच दिवसांत पोचत असे. बाराव्या शतकात सुलतान नूरुद्दीन झंगीने शाम आणि मिसरमध्ये कबुतरांची डाक बसवली. अगदी आपल्या काळात, १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले तेव्हा तेथल्या पोलिसांची कबुतरे निरोपाच्या कामी आली.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वाटा वेगवेगळ्या जातीच्या असाव्यात, टप्पे लहान असावेत आणि घेणारा माणूस निरोप येण्याआधीच तयार असावा.

आता काय करावे?

१) नंबर कागदावर उतरवा. आज बायकोचाही नंबर कित्येकांना पाठ नाही. फोन भिजला किंवा बॅटरी संपली की सगळी दुनिया हरवली. वीस-पंचवीस कामाचे नंबर एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून एक प्रत गल्ल्यात, एक घरी, एक मुनीमाकडे ठेवा. त्यात दलाल, ट्रान्सपोर्ट, रंगखाते, सायझिंग, मोठे कारागीर, डॉक्टर आणि बँक यांचे नंबर असावेत. शक्य असेल तेथे नंबरापुढे घराचा पत्ताही लिहा, कारण फोन लागला नाही तर माणूस पाठवावा लागेल.

२) बाहेरगावचा एक माणूस ठरवा. गावातल्या गावात फोन लागत नाही तेव्हा दूरच्या शहराचा फोन कधी कधी लागतो, कारण गर्दी आपल्या टोकाला असते, तिकडच्या टोकाला नसते. सुरत, पुणे, हैदराबाद येथील एक नातेवाईक किंवा आडत्या निवडा. संकटात घरच्या सगळ्यांनी आणि पेढीच्या सगळ्यांनी एकमेकांना शोधत न बसता त्या एकालाच एसएमएस करावा. चौकशीही त्याच्याकडेच करावी.

३) वेळ ठरवा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन बंद ठेवून ठरावीक वेळीच सुरू करायचा, हे आधी ठरले असेल तर एक बॅटरी दोन-तीन दिवस पुरते. आपल्याला यासाठी वेगळे घड्याळ नको. प्रत्येक नमाजनंतर दहा मिनिटे फोन सुरू, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले. घुंगरू ऐकण्याआधी तयार राहणे ते हेच.

४) निरोप लहान ठेवा आणि पोच मागा. "सर्व सुखरूप. गाडी भिवंडीत उभी. उद्या सकाळी निघेल. पोच द्या." बस्स. लांब भाषणे, फोटो आणि व्हिडिओ त्या दिवशी नकोत. आणि पोच आल्याशिवाय निरोप पोचला असे समजू नका. ऐकीव बातमी तर मुळीच पुढे पाठवू नका. तणावाच्या काळात एका खोट्या निरोपाने बाजारच नव्हे, वस्त्याही जळतात.

५) न बोलता काम चालेल असे करार करा. आमच्या मते हा सर्वांत मोलाचा उपाय आहे. चलनावर एक ओळ वाढवा: संपर्क न झाल्यास काय करावे. रंगखात्याला लिहून द्या की पक्का निरोप नसेल तर रंगाई थांबवावी, किंवा शेवटच्या लेखी रंगानेच करावी. चालकाला सांगा की फोन लागला नाही तर माल अमुक गोदामात उतरवावा. कारागिराला सांगा की दोन दिवस निरोप नसेल तर हातातले काम पूर्ण करावे, त्याची मजुरी पक्की. नुकसान झाले तर कोणाचे, हेही आधीच लिहा. नंतर भांडण्यापेक्षा ते बरे. दिव्य कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण व्यापाऱ्यांनी वारंवार आठवावे. लिहिलेला करार हा न बोलणाऱ्या फोनच्या जागी बोलतो.

६) विजेची छोटी सोय करा. दुकानातल्या इंटरनेटच्या डब्याला बारा व्होल्टची छोटी बॅटरी जोडता येते आणि त्यावर तो काही तास चालतो. एक पॉवर बँक नेहमी भरलेली ठेवा. सेलवर चालणारा एक रेडिओ ठेवा, कारण टॉवर पडले तरी आकाशवाणीचा आवाज दूरच्या केंद्रातून येऊ शकतो.

७) रोकड आणि उधारीची वही ठेवा. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये देशभर यूपीआय काही तास अडखळले, तेव्हा चहावाल्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांची पंचाईत झाली. कारागिरांच्या एका आठवड्याच्या मजुरीइतकी रोकड हाताशी असावी. फक्त इंटरनेट बंद असेल आणि फोन चालू असेल तर *९९# दाबून साध्या फोनवरूनही लहान रक्कम पाठवता येते. हे एकदा शांतपणे करून पाहा, संकटात शिकत बसू नका.

८) हिशेबाची दुसरी प्रत दूर ठेवा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. मालाबरोबर वह्या आणि संगणकही पाण्यात गेले. येणे-बाकीची यादी महिन्यातून एकदा छापून वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी ठेवावी. ती अमानत आहे, तुमची आणि ज्यांचे देणे आहे त्यांचीही.

९) फोनमधल्या दोन सोयी माहीत असू द्या. ११२ हा संकटाचा नंबर आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. तसेच मोठ्या आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवरून बोलू देण्याची सोय चालू करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना चक्रीवादळाच्या वेळी ओडिशात तसे केले होते. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जे नेटवर्क दिसेल ते हाताने निवडून पाहावे.

बाजाराने मिळून करावयाचे काम

काही कामे एकट्याची नाहीत. बाजाराच्या असोसिएशनने दोन-तीन तरुणांना हॅम रेडिओचा परवाना काढायला प्रोत्साहन द्यावे. वय बारा वर्षे पूर्ण असलेला कोणीही केंद्र सरकारची परीक्षा देऊन तो मिळवू शकतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचा टेलिफोन तुटला, तेव्हा या हौशी रेडिओवाल्यांनी निरोपाचे मोठे काम केले. मात्र हा रेडिओ धंद्याच्या निरोपासाठी वापरण्याची परवानगी नसते. तो जीव वाचवण्यासाठी आहे, भाव सांगण्यासाठी नाही.

बाजारापुरत्या बोलण्यासाठी वॉकीटॉकी चालू शकते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील, कमी ताकदीचे संच विनापरवाना वापरता येतात. दाट वस्तीत ते थोड्याच अंतरावर पोचतात, पण गोदाम ते पेढी एवढे काम होते. संच घेताना पट्टा तपासून आणि पक्के बिल घेऊनच घ्यावा.

एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आखातातून येणारे काही बांधव तेथला सॅटेलाइट फोन सोबत आणण्याचा विचार करतात. सरकारी परवानगीशिवाय असा फोन हिंदुस्थानात बाळगणे गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असो, त्यापायी तुरुंगाची पाळी येऊ शकते. त्या वाटेला जाऊ नये.

मशीद आणि जमातखान्याचा फलकही कामाला येतो. पाच वेळा मोहल्ला तेथे येतोच. संकटात त्या फलकावर कोण कोठे सुखरूप आहे, कोणाला औषध हवे आहे, कोणती गाडी कोठे अडकली आहे, याच्या चिठ्ठ्या लावल्या तर अर्धे काम होते. हा फलक सर्वांचा असावा. शेजारच्या हिंदू व्यापाऱ्याचा निरोपही तेथे लावावा आणि आपलाही त्याच्या दारी लागेल. पूर धर्म विचारून येत नाही, निरोपही तसा विचारू नये.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. वर्षातून एक दिवस, पावसाळ्याच्या आधी, दुपारचे दोन तास सगळ्यांनी मोबाइल बंद ठेवून काम करून पाहावे. कोणाचा नंबर कागदावर नाही, कोणता करार अपुरा आहे, कोणाला पत्ता माहीत नाही, हे त्या दोन तासांत उघडे पडेल. आमच्या पेढीवर आम्ही हे केले, तेव्हा कळले की चार वर्षे आमचा माल नेणाऱ्या चालकाचे घर कोठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आता ते वहीत लिहिलेले आहे.

संकट येणे न येणे अल्लाहच्या हाती आहे. पण उंट बांधण्याविषयीची प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घराघरात माहीत आहे. पावसाळा दरवर्षी येतो. पुठ्ठ्यावर पंचवीस नंबर उतरवायला अर्धा तास लागतो. हा अंक हातात आहे तोवर तेवढे काम आजच करून टाकावे, ही विनंती.